चौतीस टक्के आणि पानाला वीस रुपये

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलं की नाही ते कळेल. तुम्ही तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता आणि नोकरी सांभाळून मराठीत पीएच.डी. करताय. विषय आहे एकोणिसाव्या शतकातल्या मराठी नियतकालिकांतला स्त्रीप्रश्न. प्रबंधाचा मसुदा विद्यापीठाच्या ग्रंथालयातून तपासून घेतला, तर समानता, म्हणजे आधीच छापलेल्या लेखनाशी जुळणारा मजकूर, ३४ टक्के निघाली. मार्गदर्शक म्हणाले, "दहाच्या खाली आणा, मग सही करतो." झेरॉक्सच्या दुकानात एक जण भेटला, तो पानाला वीस रुपये घेऊन 'टक्के उतरवून' देतो. तुमचे प्रश्न दोन. हे करून घ्यावं का? आणि आपण चोरी केलेलीच नसताना ३४ आले कुठून?

पहिल्याचं उत्तर: नाही. दुसऱ्यासाठी जरा बसावं लागेल.

मी चोवीस वर्षं पीएच.डी.चं मार्गदर्शन केलं, एका संशोधन त्रैमासिकाच्या संपादनात होते आणि विभागाच्या समितीवर बसून असे अहवाल पानापानानं उलटले. सांगते ते त्या अनुभवातून. कुठलं सॉफ्टवेअर, कोणती मर्यादा, संदर्भ कोणत्या पद्धतीनं द्यायचे, हे विद्यापीठागणिक बदलतं. तेवढं तुमच्या पीएच.डी. विभागाकडून लेखी घ्या. "सर म्हणाले" हे व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी कामाला येत नाही.

आता तो आकडा. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबद्दल विनियम काढले, त्यात चार पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत किरकोळ समानता, शिक्षा नाही. १० ते ४० मध्ये असाल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. म्हणजे तुमचे ३४ जसेच्या तसे धरले तरी त्याचा अर्थ 'दुरुस्त करून आणा' एवढाच होतो. तुम्ही तर अजून प्रबंध दिलेलाही नाही, हा मसुदा आहे. तेव्हा झोप उडवून घेऊ नका.

दुसरं, हे ३४ खरंच ३४ आहेत का ते बघा. त्याच विनियमांत मोजताना काय वगळायचं तेही दिलंय: श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सर्वसाधारण संज्ञा, कायदे, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं. शिवाय सर्वज्ञात गोष्टींची किंवा योगायोगानं झालेली सलग १४ शब्दांपर्यंतची जुळणीही धरायची नाही. (हे १४ शब्द कुणी इंग्रजीच्या मापानं ठरवले असावेत असं मला नेहमी वाटतं. आपल्याकडे 'घराच्या अंगणातल्या झाडाखाली' हे तीन शब्दांत होतं. मराठीतले सलग १४ शब्द म्हणजे चांगलं भरघोस वाक्य.) ग्रंथालयात अहवाल काढताना ही गाळणी लावायची राहून जाते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अहवालात नुसत्या संदर्भसूचीचे अकरा टक्के धरले होते. तेव्हा आधी ग्रंथपालांना भेटा, फोनवर नको, समोर बसा आणि वगळण्याच्या खुणा लावून अहवाल पुन्हा काढायला सांगा.

तुमच्या विषयात आणखी एक गंमत आहे. तुम्ही जुन्या पत्रांतले उतारे भरपूर दिले असणार, ते दिलेच पाहिजेत, तेच तुमचं साधन आहे. पण मराठीत आपण सवयीनं एकेरी अवतरणचिन्ह वापरतो. बऱ्याच सॉफ्टवेअरना दुहेरी चिन्ह ओळखता येतं, एकेरी ओळखेलच असं नाही. मग तुमचा रीतसर दिलेला उतारा 'चोरी'च्या रकान्यात जातो. लांब उतारे वेगळ्या परिच्छेदात, समास सोडून द्या. छोटे उतारे दुहेरी चिन्हात द्या. एवढ्यानं चार-सहा टक्के गेले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आणि स्वतःचे लेख. प्रबंध चालू असताना दोन शोधनिबंध छापले असतील आणि तोच मजकूर प्रकरणात आला असेल, तर सॉफ्टवेअर तुम्हाला तुमचाच चोर ठरवतं. स्वतःचं आधी छापलेलं लेखन संदर्भ न देता पुन्हा वापरू नये, अशी सूचना यूजीसीनं २०२० मध्ये वेगळी काढली आहे. उपाय सोपा आहे. प्रकरणाच्या पहिल्याच तळटिपेत लिहा की या प्रकरणाचा काही भाग अमुक अंकात, अमुक शीर्षकानं आधी प्रसिद्ध झाला आहे. ते निबंध अहवालातून वगळायचे की नाही हे तुमचं विद्यापीठ ठरवेल. काही ठिकाणी मार्गदर्शकांचं पत्र जोडलं की वगळतात.

इथवर झाली हिशेबाची गोष्ट. आता मुद्द्याचं.

आमच्या समितीपुढे एकाच महिन्यात दोन प्रबंध आले होते. एकाची समानता ४१ टक्के, दुसऱ्याची ६. पहिला उघडला तर जुळणी सगळी जुन्या पत्रांतल्या उताऱ्यांची, सूचीची आणि तिच्या स्वतःच्या दोन निबंधांची. गाळणी लावल्यावर ७ उरले. तिला चहा पाजून परत पाठवलं. दुसरा सहा टक्केवाला हातोहात पुढे गेला असता. पण एका सदस्यांना तिसरं प्रकरण वाचताना वाक्यं अडखळल्यासारखी वाटली. मराठीत कुणी असं लिहीत नाही, असं ते म्हणत राहिले. एका इंग्रजी पुस्तकाचं एक आख्खं प्रकरण ओळीमागून ओळ मराठीत उतरवलेलं होतं. त्या पुस्तकाचं नाव सूचीत होतं, प्रकरणात एकदाही नव्हतं. सॉफ्टवेअरला मराठी ओळ आणि इंग्रजी ओळ यांचं नातं दिसलं नाही. माणसाला दिसलं.

म्हणून मी टक्क्यांकडे फार बघत नाही. मी एकच बघते: वाचताना मला कळतंय का, की इथवर दुसऱ्याचं आणि इथून पुढे या माणसाचं? ती रेघ दिसली की प्रबंध प्रामाणिक. रेघ दिसत नसेल तर टक्के शून्य असले तरी तो प्रामाणिक नाही. आपल्या इतिहास संशोधकांना हे नव्यानं सांगायला नको. टीकाकार मल्लिनाथाचं 'नामूलं लिख्यते किञ्चित्', म्हणजे आधाराशिवाय काहीही लिहीत नाही, हे आपण उगाच घोकत आलो नाही. १८९८ पासून इतिहासकार वि. का. राजवाडे मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापू लागले. कागद नुसता छापून भागत नाही, तो कुठल्या दप्तरातला, कुणाकडून मिळाला, हे सांगितल्याशिवाय त्याला किंमत नाही, ही शिस्त त्या पिढीनं आपल्याला लावली. तळटीप हे परदेशातून आलेलं खूळ आहे असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आधी ते खंड उघडायला लावते.

आता तो वीस रुपयेवाला नेमकं काय करतो ते सांगते. तो तुमचा मजकूर एखाद्या यंत्रात घालतो किंवा स्वतः बसून शब्दाला शब्द ठेवतो. माझ्याकडे आलेल्या अशा एका प्रकरणात 'सत्यशोधक समाज'चं 'खरे शोधणारा समुदाय' झालं होतं, 'स्त्रीप्रश्ना'ची 'महिला शंका' आणि एका ठिकाणी 'केसरी'तल्या अग्रलेखाचा 'सिंहातील मुख्य लेख'. टक्के खरोखर उतरले होते. हा प्रबंध पुढे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो आणि तिथे कुणीही, कधीही तो वाचू शकतो. तुमच्या नावाखाली 'सिंहातील मुख्य लेख' कायमचा. शिवाय पदवी मिळाल्यावर चौर्य सिद्ध झालं तर पदवी स्थगित ठेवण्याची तरतूद त्याच विनियमांत आहे. जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट बायरॉइट विद्यापीठानं २०११ मध्ये काढून घेतली. तिथे लोकांनी इंटरनेटवर जमून, प्रबंधाचं एकेक पान मूळ मजकुरांशी ताडून पाहिलं होतं. मंत्रिपदही गेलं. आपल्या प्रबंधावर एवढे डोळे कुणाचे, असं वाटतं खरं. पण तुमच्याच विषयावर दहा वर्षांनी काम करणारी एखादी मुलगी तुमचा प्रबंध ओळीओळीनं वाचणार आहे. ती असतेच.

शब्द बदलले की ते आपलं होतं, हा समज कुठून आला कुणास ठाऊक, पण तो फार खोल रुजलाय. एक उदाहरण घेऊ. वाक्य मीच रचलंय, कुठल्या पुस्तकातलं नाही. समजा मूळ असं आहे:

"तालुक्याच्या गावी छापखाना आला आणि तोवर वाड्यात नि चावडीवर चालणारी चर्चा कागदावर उतरून अनोळखी माणसांपर्यंत पोचू लागली."

विद्यार्थी लिहितो: "तालुक्याच्या ठिकाणी मुद्रणालय सुरू झाले व तोपर्यंत वाड्यात आणि चावडीवर होणारे संभाषण कागदावर येऊन अपरिचित व्यक्तींपर्यंत जाऊ लागले." छापखान्याचं मुद्रणालय झालं, अनोळखीचं अपरिचित झालं. वाड्यामागून चावडी, चावडीमागून कागद, कागदामागून अनोळखी माणूस, ही चाल मात्र जशीच्या तशी राहिली. घर त्याचंच, रंग तेवढा आपला. याच्या शेवटी कंसात संदर्भ दिला तरी मी ते मान्य करत नाही, कारण कंस सांगतो 'कल्पना त्यांची, शब्द माझे', आणि इथे शब्दांची रचनाही त्यांचीच आहे.

आता हे बघा: "छापखान्यामुळे लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना ओळखत असण्याची गरज संपली, असं अमुक लेखकाचं म्हणणं आहे (२००४, पृ. ५७). मी पाहिलेल्या वाचकपत्रांत मात्र लिहिणारे सहीखाली गाव, पेठ, कधी जातही आवर्जून लिहितात. ओळख पुसायची त्यांची तयारी दिसत नाही." पहिलं वाक्य त्यांचं, त्यांच्या नावावर. पुढची दोन तुमची. रेघ दिसली ना? आणि बघा, संदर्भ नीट दिल्यावर तुम्हाला स्वतःचं काहीतरी म्हणावंच लागलं. तुमच्या प्रबंधात असं दुसरं आणि तिसरं वाक्य किती ठिकाणी आहे ते मोजा. ३४ टक्क्यांपेक्षा तो आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

असं लिहिण्याची माझी पद्धत सांगते: मूळ पुस्तक वाचा, मिटा, बाजूला ठेवा, चहा करून या आणि मग घरातल्या कुणाला तरी तो मुद्दा तोंडानं सांगा. जे तोंडून आलं ते लिहा. मग पुस्तक उघडून ताडून बघा की आपण त्यांच्या तोंडी भलतंच काही घातलं नाही ना. पुस्तक उघडं ठेवून, एक डोळा त्यात आणि एक वहीत, असं लिहिलं की रंगकामच होणार.

खरं तर चौर्य प्रबंध लिहिताना होत नाही, ते दोन-तीन वर्षं आधी टिपणं काढताना होऊन गेलेलं असतं. हे मी स्वतःवरून सांगते. १९९० च्या दशकात माझा एक लेख छापून आला. महिन्याभरात एका ज्येष्ठ संशोधकांचं पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी होत्या: अमुक पानावरचं वाक्य ओळखीचं वाटलं, एकदा आपली टिपणवही बघावी. मी वही काढली. वाक्य त्यांच्याच पुस्तकातलं होतं. मी ते कधीतरी घाईत, अवतरणचिन्ह न घालता, पान क्रमांक न लिहिता उतरवून ठेवलं होतं आणि चार वर्षांनी ते मला माझंच वाटलं. पुढच्या अंकात मी खुलासा छापला. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, पण ते पोस्टकार्ड माझ्या टेबलाच्या खणात अजून आहे.

तेव्हापासून माझ्या टिपणात तीन रंग असतात. निळ्या शाईत मूळचे शब्द, जसेच्या तसे, दुहेरी अवतरणात. शिसपेन्सिलीत माझ्या शब्दांत सारांश. लाल शाईत माझं भांडण, शंका, विचार. आणि कुठलंही टिपण सुरू करायच्या आधी वर पान क्रमांक, आवृत्ती आणि पुस्तक कुठल्या ग्रंथालयात पाहिलं ते. संगणकावर करत असाल तर तिथे तीन रंग ठेवा. साधन कुठलंही चालेल, पण रंग सरमिसळ होऊ देऊ नका. मोबाइलवर पानाचा फोटो काढत असाल तर मुखपृष्ठाचा आणि मागच्या पानाचा फोटो आधी काढा, नाहीतर सहा महिन्यांनी गॅलरीत दोनशे अनाथ पानं सापडतात.

तुमच्या विषयात सगळ्यात जास्त घसरण होते ती दुय्यम साधनावरून मूळ साधनाचा संदर्भ देताना. ताराबाई शिंद्यांचं पुस्तकच घेऊ, तुमच्या प्रबंधात ते असणारच. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला झाला, त्यावर 'पुणे वैभव' या पत्रात जे छापून आलं, त्याला उत्तर म्हणून १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' निघालं. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली. पुढे ते विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं. १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांचं इंग्रजी भाषांतर आलं. आता एका विद्यार्थ्यानं काय केलं? त्यानं इंग्रजी भाषांतरावर आधारलेला एक इंग्रजी लेख वाचला, त्यातला ताराबाईंचा उतारा स्वतः मराठीत आणला, अवतरणचिन्हात घातला आणि खाली लिहिलं: ताराबाई शिंदे, १८८२, पृ. अमुक. म्हणजे मराठी बाईचे मराठी शब्द इंग्रजीतून फिरून आले आणि ते शब्द तिचे नव्हतेच. शिवाय पृष्ठ क्रमांक इंग्रजी पुस्तकाचा! परीक्षकांनी मालशे यांची आवृत्ती समोर ठेवली आणि म्हणाले, "हे वाक्य दाखवा."

रीत साधी आहे. जी प्रत हातात धरली, तिचा संदर्भ द्यायचा. तुम्ही मालशे यांची आवृत्ती पाहिली तर लिहा: शिंदे, ताराबाई, स्त्रीपुरुषतुलना (प्रथम प्रकाशन १८८२), संपा. स. गं. मालशे, १९७५, आणि पान त्या आवृत्तीचं. मूळ मिळालंच नाही आणि दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारा घेतला तर लिहा 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत'. यात कमीपणा काही नाही. मूळ न बघता बघितल्याचा आव आणला की मात्र तुम्ही त्या मधल्या माणसाची मेहनत लाटता, आणि त्याची चूक झाली असेल तर तीही तुमच्या पदरात येते. मराठी पुस्तक मराठीतच उपलब्ध असताना इंग्रजीतून उलट आणणं तर करूच नका.

उतारे देताना जुनं शुद्धलेखन बदलायचं नाही, हेही याच ओघात. १९६२ च्या नियमांनंतर आपण कितीतरी अनुस्वार सोडले, पण १८८० च्या उताऱ्यात ते होते. तुम्ही गुपचूप आजचं लेखन केलंत तर तो उतारा राहत नाही. वाचकांच्या सोयीसाठी बदलायचंच असेल तर प्रस्तावनेत एक ओळ लिहा. काही जण टक्के वाचवायला मुद्दाम उताऱ्याचं लेखन बदलतात, ते मला हास्यास्पद वाटतं. उताऱ्याला टक्के लागतच नाहीत, मग वाचवायचं काय?

प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यायचा का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ ला निघाला, ते बाळशास्त्री जांभेकरांनी काढलं, त्यात मराठी-इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असे, हे तुमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. त्याला तळटीप लावली तर उलट नवखेपणा दिसतो. पण दोन भाषा ठेवण्यामागे अमुक हेतू होता, असं म्हणालात की तो कुणाचा तरी अर्थ आहे. तो तुमचा असेल तर पुरावा द्या, दुसऱ्याचा असेल तर नाव द्या. तारीख सर्वांची, अर्थ कुणाचा तरी, एवढं धरलं तर फारसं चुकत नाही. शंका असेल तिथे संदर्भ द्यावा. जास्तीच्या तळटिपेनं कुणाची नोंदणी रद्द झालेली नाही. आणि 'फुले वारून शंभरावर वर्षं झाली, आता कॉपीराइट नाही, मग संदर्भ कशाला?' असंही विचारतात. कॉपीराइट हा कायद्याचा आणि पैशाचा प्रश्न, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी तो सुटतो. श्रेय देण्याला मुदत नसते.

काही बारीकसारीक, पण ऐन वेळी घात करणाऱ्या गोष्टी पटापट सांगते. मसुदा चालू असताना तळटिपेत 'तत्रैव' (तिथेच) आणि 'उ. नि.' (उपरोल्लेखित) अशी आधीच्या संदर्भाकडे बोट दाखवणारी रूपं लिहू नका. मध्ये एक परिच्छेद घुसवलात की तत्रैव भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटतं. आधी सगळीकडे लेखक, वर्ष, पान असंच ठेवा, शेवटच्या वाचनात बदला. जुन्या पुस्तकावर फक्त शके असेल तर ७८ मिळवा. शके १८०४ म्हणजे १८८२, पण वर्षअखेरीचे महिने पुढच्या इसवीत जातात, म्हणून शकही लिहून ठेवा. 'मराठी विश्वकोश' असा नुसता संदर्भ देऊ नका, नोंदीच्या शेवटी नोंदलेखकाचं नाव असतं, ते द्या. झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर सूचीसाठी चांगलं आहे, मात्र मराठी नोंदींत 'संपादक' आणि 'पृष्ठ' यांची इंग्रजी रूपं घुसतात, ती हातानं काढावी लागतात. संदर्भ देण्याची एपीए पद्धत की एमएलए यावरून तर विभागात वर्षानुवर्षं भांडणं चालतात. तुमच्या विद्यापीठानं सांगितलेली एक धरा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तीच ठेवा.

फाँटचंही बघा. मसुद्याची काही प्रकरणं जुन्या श्री-लिपीसारख्या फाँटात टाइप केली असतील तर सॉफ्टवेअरला ती मराठी म्हणून दिसतच नाहीत, रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, आणि समानता शून्य येते. तुमच्या ३४ मध्ये ती प्रकरणं धरलेलीच नसतील अशीही शक्यता आहे. सगळं युनिकोडमध्ये आणून मगच तपासा. आता टक्के वाढले तर वाढू देत. परीक्षकांकडे गेल्यावर कळण्यापेक्षा बरं.

एआयला विचारून लिहिण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण त्या वीस रुपयांमागे बहुधा तेच आहे, म्हणून सांगते. मुद्दा समजून घ्यायला, इंग्रजी उताऱ्याचा अर्थ लावायला कुणी वापरलं तर माझी हरकत नाही, विद्यापीठाचा नियम मात्र बघून घ्या. पण त्यानं दिलेला संदर्भ पुस्तक हातात घेतल्याशिवाय सूचीत घालू नका. एका मसुद्यात मला लेखक खरा, प्रकाशन खरं, आणि पुस्तक मात्र जगात नाहीच, अशी नोंद सापडली. विद्यार्थ्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, नाव बरोबर वाटलं." बरोबर वाटणं आणि असणं यातलं अंतर मोजायलाच तर आपण संदर्भ देतो.

तुमच्या मार्गदर्शकांबद्दल दोन शब्द. 'दहाच्या खाली आणा' म्हणणारे ते एकटे नाहीत. प्रबंध चौर्यमुक्त असल्याचं प्रमाणपत्र त्यांनाही सही करून द्यावं लागतं, त्यामुळे आकडा बघून त्यांच्याही पोटात गोळा येतो. त्यांच्याशी वाद घालू नका. रंगीत अहवालाची प्रिंट घ्या आणि प्रत्येक मोठ्या जुळणीशेजारी पेननं लिहा: उतारा, सूची, स्वतःचा निबंध, किंवा 'हे माझं चुकलं'. तो शेवटचा शिक्का लिहायला लाजू नका. असा कागद समोर ठेवणारा विद्यार्थी मार्गदर्शकांना क्वचितच भेटतो, आणि मग बोलणं टक्क्यांवरून मजकुराकडे वळतं.

माझा अंदाज सांगू? 'चुकलं'चे बहुतेक शिक्के तुमच्या दुसऱ्या प्रकरणात पडतील. पूर्वसंशोधनाचा आढावा आणि संकल्पना जिथे असतात तिथेच लोक दुसऱ्यांची वाक्यं सांधून पुढे सरकतात. उताऱ्यांच्या प्रकरणांत तुमचं स्वतःचं काम असतं, तिथे फारसं निघत नाही. म्हणून दुरुस्ती पहिल्या पानापासून सुरू करू नका. दुसरं प्रकरण उघडा. ज्या परिच्छेदाचं मूळ पुस्तक आज तुमच्यापाशी नाही आणि टिपणात पान नाही, तो कापून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. आठवड्याच्या सुट्टीला ग्रंथालयात बसून एकेक मूळ काढा. सापडलं तर रेघ ओढून परत आणा. नाही सापडलं तर सोडून द्या. प्रबंधाचं फारसं काही अडत नाही, मी पाहिलंय. सरासरी चाळीस पानांचं प्रकरण तीसवर येतं आणि वाचायला बरं होतं.

नोकरी सांभाळून याला दीड-दोन महिने लागतील. सादर करण्याची तारीख त्याआधीची असेल तर मुदतवाढीचा अर्ज आजच टाका, कारण त्यावर सह्या व्हायलाच पंधरा दिवस जातात.